फ्लोरेन्सला जाणारं सूत

मुंबई
४ मे १९८३

ती. मोठीआई आणि मोठे बाबा,

दोघांनाही नमस्कार. मोठीआई, हे पत्र उभ्याने वाचू नकोस. पुढच्या सपरीत बस, चष्मा लाव आणि मग वाच.

इटली देशात फ्लोरेन्स नावाचं जुनं शहर आहे. तिथल्या किल्ल्यात दरवर्षी वसंत ऋतूत हस्तकलेची मोठी जत्रा भरते. देशोदेशींचे कारागीर येतात आणि लोकांसमोर बसून आपलं काम करून दाखवतात. पुढच्या एप्रिलात आमच्या हातमाग कार्यालयाला तिथे जागा मिळाली आहे. एक कारागीर आणि सोबत इंग्रजी बोलणारं कार्यालयातलं एक माणूस, असे दोघे जायचे. सोबतीण म्हणून माझं नाव ठरलं. कारागीर म्हणून साहेब कुणातरी विणकराचं नाव घालत होते. मी म्हटलं, साहेब, विणकर सगळेच देश पाठवतील, पण रानातल्या कोशातून हाताने सूत काढणारी बाई कोण पाठवणार? त्यांना पटलं. आता यादीत लिहिलं आहे, सौ. रुखमाबाई धनीराम सोनकुसरे, मु. आंधळगाव, जि. भंडारा.

मी पुस्तक आणून शहराची माहिती वाचते आहे. मधून नदी वाहते. तिच्यावर एक जुना पूल आहे आणि त्या पुलावरच दोन्ही बाजूंनी सोनारांची दुकानं आहेत. एका देवळाचा घुमट एवढा मोठा की सगळ्या शहरातून दिसतो. घरांवर आपल्यासारखीच लाल कवेलू. आणि एकेकाळी ते रेशमाचं गाव होतं. आपल्या कोष्ट्यांसारखे रेशीमवाले तिथे मोठ्या मानाने राहत होते.

नाही म्हणू नकोस. हो असंच लिही.

तुझी
निर्मला


आंधळगाव
१९ मे १९८३

चि. निर्मलास आशीर्वाद.

तुझं पत्र बसूनच वाचलं. तुझ्या मोठ्या बाबांनी दुसऱ्यांदा वाचून घेतलं आणि तिसऱ्यांदा ते स्वतःच शेजारच्या जनाबाईला सांगायला गेले. आता बाजारात त्यांना कुणी तांदळाचा भाव विचारला तरी ते इटलीवर येतात. किल्ल्यात जत्रा म्हणजे आंबागडासारखा किल्ला का, असं विचारायला सांगितलं आहे. तिथे वर चढायचं असेल तर माझ्या गुडघ्यांचं आत्ताच काहीतरी बघावं लागेल.

मी येते. हो असंच लिहिलं आहे, बघ.

कारण सांगते. तुझे मोठे बाबा लुगडं विणतात, त्यांचं नाव होतं, नागपूरचे व्यापारी त्यांना धनीरामजी म्हणतात. व्हायलाच पाहिजे, त्यांच्यासारखा काठ कुणाला जमत नाही. पण ते सूत मागच्या खोलीतून येतं आणि त्या खोलीत कोण बसतं हे आजवर कुणी विचारलं नाही. माझी आईही अशाच खोलीत म्हातारी झाली. एकदा कुणीतरी विचारावं, असं मला फार वाटतं. ते इटलीत विचारणार असतील तर मी इटलीला जाईन.

तयारी सुरू केली आहे. चप्पल घालायची सवय नाही म्हणून रोज तलावापर्यंत तुझ्या मोठ्या बाबांची जुनी चप्पल फटफटवत जाते. पोरं मागे लागतात.

काही गोष्टी विचारायच्या आहेत. जिथे बसायचं तिथे भिंती आहेत का? दाराला पडदा असतो का? बघायला बायका येतात की पुरुषही? आणि थंडी किती असते? यांची उत्तरं नीट दे, गडबडीत देऊ नकोस.

तुझी
मोठीआई


मुंबई
२ जून १९८३

ती. मोठीआई,

तू घाबरली आहेस हे मला कळलं, पण घाबरण्यासारखं काही नाही. भिंती नाहीत, मोठ्या दालनात ओळीने जागा असतात आणि लोक पुढून चालत जातात. बायका, पुरुष, पोरं, सगळेच. कुणी अंगाला हात लावत नाही, कुणी वाईट बोलत नाही. बोललं तरी तुला कळणार नाही. मी जवळ असेनच.

थंडी एप्रिलात सकाळ-संध्याकाळ वाजते. त्यासाठी पार्सल करते आहे. एक स्वेटर, पायमोजे आणि लुगड्याच्या आत घालायला लोकरीचा लांब पायजमा. वरून दिसणार नाही. आत्तापासून घालून बस म्हणजे सवय होईल.

मोठ्या बाबांना सांग, किल्ला आंबागडासारखा डोंगरावर नाही, सपाटीवर आहे, चढायचं नाही. तिथल्या व्यवस्थेत एक ज्युलिया नावाच्या बाई आहेत, त्यांचं फार गोड पत्र आलं. त्या म्हणतात, आम्ही तुमच्या काकूंची वाट पाहतो. मोठीआई म्हणजे नुसती काकू नव्हे, हे त्यांना इंग्रजीतून सांगता आलं नाही.

तुझी
निर्मला


आंधळगाव
२० जून १९८३

चि. निर्मलास आशीर्वाद.

पार्सल मिळालं. स्वेटर चांगला आहे. पायजमा मी घडी करून पेटीत ठेवला आहे. आता मला सांग बाई, तो पायजमा घालून मी मांडीवर सूत काढू कशी?

तू याच घरात वाढलीस. मागच्या खोलीत माझ्या शेजारी बसून पाढे म्हटलेस. लुगडं वर सारून, डाव्या मांडीला चिमूटभर राख लावून, उकडलेल्या कोशांचे धागे त्या उघड्या मांडीवर वळत मी सूत काढते, हे तुला ठाऊक नाही का? मग भिंत आणि पडदा मी थंडीसाठी विचारीन का? त्या खोलीत यायचं तर बाहेर खाकरायचं, हा नियम तुझ्या आजोबांनीही कधी मोडला नाही. तुझे मोठे बाबासुद्धा सूत न्यायला येतात तेव्हा आधी खाकरतात, मग मी लुगडं खाली ओढते, मग ते आत येतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, सूत काढताना ही मांडी त्यांनी कधी पाहिली नाही. आणि तू ती इटलीच्या किल्ल्यात ओळीने चालणाऱ्या लोकांपुढे मांडून ठेवलीस.

तुझं पत्र मीच त्यांना वाचून दाखवलं. भिंती नाहीत म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मागावरून उठले आणि बाहेर गेले. तेव्हापासून बाजारातलं इटलीचं बोलणं बंद आहे, आणि माझ्याशी बोलणंही जेवणापुरतं.

मी रागावले नाही. मला रडू येतं आहे, तेही लिहून टाकते. पण मी येत नाही असं अजून म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेव.

तुझी
मोठीआई


मुंबई
६ जुलै १९८३

ती. मोठीआई,

तुझं पत्र कार्यालयात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. खरं सांगते, तू सूत काढतेस एवढंच माझ्या डोळ्यांपुढे होतं. कशावर काढतेस ते कधी वेगळं दिसलंच नाही. आपल्या घरात बाई सूत काढते म्हणजे मांडीवर, त्यात काय सांगायचं, असं ते होऊन गेलं होतं.

साहेबांना सांगावंच लागलं. ते म्हणाले, सोपं आहे, पायाने चालवायचं छोटं यंत्र मिळतं, रुखमाबाईंना ते शिकवू. तिथल्या लोकांना काय कळणार? पाटी तीच ठेवू, हाताने काढलेलं सूत. ते नको असेल तर धनीरामजींना माग घेऊन पाठवू. त्यांचं विणकाम तर उत्तमच आहे.

मला यंत्राचा मार्ग बरा वाटतो. तुला शहर तरी बघायला मिळेल. तो पूल, तो घुमट, सगळं. मोठीआई, राग गिळून विचार कर. यंत्र शिकवायला माणूस भंडाऱ्याला येईल.

तुझी
निर्मला


आंधळगाव
१५ जुलै १९८३

चि. निर्मलास आशीर्वाद.

यंत्र नको. माणूस पाठवू नका, भाताच्या दिवसांत त्याला चहा करून द्यायलाही घरात कुणी सापडणार नाही.

पुढे मांडीच्या सुताचं लुगडं टांगायचं आणि त्याच्याखाली बसून यंत्र फिरवायचं, हे मला जमणार नाही. पूल बघायला मिळेल म्हणून खोटं बसू का? मग पूल बघताना काय वाटेल? कधी नव्हे ते तुझ्या मोठ्या बाबांनी मला साथ दिली. यंत्राचं ऐकून म्हणाले, "यंत्राच्या सुताले मी आपलं नाव लावन नाही." मी म्हटलं, मग मी मांडीवरच काढते. तर म्हणाले, "तुले तसं बसूबी देनार नाही." आणि माग घेऊन स्वतः जातो असंही म्हणत नाहीत. म्हणजे हा दरवाजा बंद, तो दरवाजा बंद आणि मधे मी.

दुसऱ्या कशावर जमतं का तेही पाहिलं. कवेलूवर काढलं, धागा खरखरून तुटला. चामड्याचा तुकडा बांधून पाहिला, धागा वळतच नाही, घसरतो. हातावर जागा पुरत नाही. जनाबाई हसून हसून आडवी झाली. मांडीच लागते. त्या मांडीवर धाग्याने पाडलेला लांब वळ आहे, पावसाळ्यात चिरतो. माझ्या आईलाही तिथेच होता. आईला शेवटची आंघोळ घालताना मी तो पाहिला आणि मग रडले, तोवर रडू आलं नव्हतं.

आता माझी अट ऐक आणि त्या ज्युलियाबाईंना कळव. मला आपल्या खोलीसारखी जागा करून द्या. तीन बाजूंनी पडदा, आत फक्त बायका. पुरुषांना आत यायचं असेल तर त्यांनी बाहेर उभं राहून खाकरावं, मी लुगडं नीट करते, मग त्यांनी येऊन सूत बघावं. आपल्या घरात चाललं तसं तिथेही चालेल. त्यांनाही खोकला येतच असेल.

हसू नकोस, जसं लिहिलं तसं कळव. मी फ्लोरेन्सला येणार आहे. चप्पल आता वाजत नाही.

तुझी
मोठीआई


मुंबई
८ ऑगस्ट १९८३

ती. मोठीआई,

मी हसले नाही. जसं लिहिलंस तसं इंग्रजी करून पाठवलं, खाकरण्यासकट. ज्युलियाबाईंचं उत्तर आलं. पडदा त्या स्वतः शिवून देतील. त्यांनी एक गोष्ट लिहिली, ती तुला सांगावीशी वाटते. त्यांच्या उत्तरेकडे भाताची शेती आहे. त्यांची आई तरुणपणी दर उन्हाळ्यात तिथे मजुरीला जायची, मांडीपर्यंत कपडे खोचून पाण्यात उभी राहून निंदण करायची. म्हणून त्यांना तुझं म्हणणं समजतं, असं त्या म्हणतात.

पण आमचे साहेब ऐकायला तयार नाहीत. पडद्यामागे काम आणि दाराशी खोकणारे लोक, यात देशाची शोभा होईल असं ते म्हणतात. त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. एकतर उघड्यावर, नाहीतर यंत्रावर, नाहीतर मोठे बाबा. सप्टेंबरच्या पंधरा तारखेच्या आत कळवायचं, मग नाव पक्कं होईल.

मी तुला आता काहीच सुचवत नाही. तू नाही म्हणालीस तर मी माझंही नाव काढून घेईन. मला एकटीला तो पूल बघायचा नाही.

तुझी
निर्मला


आंधळगाव
२७ ऑगस्ट १९८३

चि. निर्मलास खूप आशीर्वाद.

उशीर झाला कारण रोवणी चालू होती. भाताच्या आपल्या दोन बांध्या लावायच्या होत्या आणि सगळ्या आळीला मजूर मिळत नव्हते, म्हणून आम्ही बायकाच उतरलो. तुझं पत्र मी शेताच्या धुऱ्यावर बसून वाचलं, चिखलाचे हात लुगड्याला पुसून. ज्युलियाबाईंच्या आईचं वाचलं आणि समोर बघितलं.

समोर बायकांची ओळ वाकलेली. जनाबाई, तिची सून, धिवराच्या बायका, सगळ्यांनी लुगडी मांडीवर खोचलेली. मीही आत्ताच तशीच वर आले होते. धुऱ्यावरून तुलारामजी चालले होते, तेच जे जातीच्या बैठकीत पहिले बोलतात. ते थांबले, भाताचे पऱ्हे दाट लावले की विरळ ते पाहिलं, दोन शब्द जनाबाईला सुनावले आणि निघून गेले. रस्त्याने माणसं जात होती, शाळेचे गुरुजी सायकलवरून गेले. कुणी मान फिरवली नाही, कुणी खाकरलं नाही. दरवर्षी असंच होतं. मी जन्मभर त्या ओळीत उभी राहिले आणि मला कधी लाज वाटली नाही. घरी येऊन पाय धुतले, मागच्या खोलीत बसले, दार लोटलं, की त्याच मांडीची लाज सुरू.

मग मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. बहुतेक दाराचा.

रोवणी संपली. दुसऱ्या दिवशी गावचा बाजार होता. सकाळी मी कोसे उकडले, सूत गुंडाळायची आसारी घेतली, राखेची वाटी घेतली आणि सगळं उचलून पुढे सपरीत आणून मांडलं, अगदी रस्त्याच्या तोंडाशी. तुझे मोठे बाबा विड्या आणायला गेले होते. मुद्दाम ती वेळ धरली असं समज. बसले, लुगडं वर सारलं आणि पहिला धागा वळला.

पहिले चार धागे तुटले, जे माझ्या हातून तरुणपणापासून तुटले नाहीत. मान वर केली नाही. बैलगाड्या थांबत होत्या ते ऐकू येत होतं. कुणीतरी पुढे जाऊन परत वळून आलं. मला आतून वाटत होतं, ऊठ, अजून वेळ गेलेली नाही. मी मनात म्हटलं, इथे बसता आलं तर फ्लोरेन्सला बसता येईल, आणि इथे आलं नाही तर तिथे जाऊन मी फक्त पळून आलेली असेन. मग हात हळूहळू आपले आपण चालू लागले. एकदा सूत लागलं की बाकी काही राहत नाही, तुला माहीत आहे.

तुलारामजी येऊन उभे राहिले. त्यांच्या धोतराचा काठ मला दिसला. म्हणाले, "काहून वो रुखमाबाई, घरात जागा नाही का?"

मी हात न थांबवता म्हटलं, "जागा हाय जी. उजेड नाही."

ते तिथून हलले नाहीत. तेवढ्यात तुझे मोठे बाबा आले. गर्दी बघून त्यांना वाटलं कुणाला काही झालं. माणसं बाजूला सारत सपरीच्या पायरीशी पोचले, मला पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. आणि सवयीने, अगदी मागच्या खोलीच्या दाराशी थांबतात तसे थांबून, मोठ्याने खाकरले.

सारा बाजार बघतो आहे आणि हा माणूस आपल्याच उघड्या सपरीत शिरायला खाकरतो. आधी जनाबाई फिस्सकन हसली, मग बाकीचे. निर्मला, त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो चिडेल की रडेल ते कळत नव्हतं. मी लुगडं खाली ओढलं नाही. हात तसाच चालू ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, पण पाहिलं.

ते पायरी चढून आले. माझ्याजवळ उकिडवे बसले आणि खाली वाकून बघू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सूत निघताना पाहिलं. कोशातून धागा कसा उठतो, मांडीवर एकात एक कसे वळतात, आसारीवर कसे जातात. तो वळही पाहिला, यंदा चिरलेलाच आहे. त्यावर त्यांनी बोट ठेवलं नाही, नुसतं जवळ नेलं. मग तुलारामजींकडे वळून म्हणाले, "पाहा ना जी. सूत तं दिसून राहिलं. मांडी कोणाले दिसून राहिली?"

मग आत गेले, आपला ताणा घेऊन आले आणि माझ्या शेजारी बसून गाठी मारू लागले. दोघं संध्याकाळपर्यंत तिथेच होतो. तुलारामजींनी जाताना एवढंच विचारलं की या सुताचा शेला किती दिवसांत होईल. बैठकीत पुढे काही निघेल, निघू दे. मी सपरीतच बसणार आहे. जनाबाई म्हणते, पुढच्या बाजाराला तीही बाहेर बसेल, तिच्या सुनेला आतल्या धुराने खोकला लागतो.

तेव्हा साहेबांना लिही, रुखमाबाई उघड्यावर बसेल. यंत्र नाही. पाटी तीच ठेवा, फक्त त्यात मांडीवर हा शब्द घाला, तिथल्या भाषेत जो असेल तो. मला खुर्ची नको, जमिनीवर चटई हवी. राख मी घरची आणते. पायजमा विमानात घालीन, तुझं मन राखायला. तुझे मोठे बाबा माझ्यासाठी याच सुताचं लुगडं विणायला घेत आहेत, ते नेसून मी त्या सोनारांच्या पुलावरून चालणार आहे, आणि घुमट किती मोठा आहे ते स्वतः पाहणार आहे. तिथल्या रेशीमवाल्यांच्या बाया सूत कशावर काढत होत्या, तेही मला कुणाला तरी विचारायचं आहे. आपणही विचारलं पाहिजे.

ज्युलियाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्या आईलाही, असतील तर. म्हणावं, पडदा शिवला असेल तर तो घरी दाराला लावा, वाया जायला नको. आणि पुरुषांना सांगून ठेवा, खाकरायची गरज नाही.

तुझी
मोठीआई